मळी, बटाटा आणि राय

दिवाळी सरली की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर उसाचं राज्य सुरू होतं. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शेटफळगढे इथल्या कारखान्यांच्या गव्हाणीत मोळ्या पडू लागतात, ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या रात्रभर रांगेत उभ्या राहतात आणि गावोगावी एकच चर्चा असते : यंदा उतारा किती पडणार? एक टन ऊस गाळला की साधारण १०० ते ११० किलो साखर मिळते. ही गोष्ट इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच टनातून सुमारे २८० ते ३०० किलो चिपाड निघतं आणि ४० ते ४५ किलो मळी. चिपाड बॉयलरमध्ये जळून वीज देतं. मळीची वाट वेगळी आहे. ती टाकीत जाते आणि तिथून डिस्टिलरीत.

या भागातल्या उसाला पाण्याचा इतिहास आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानं दख्खन होरपळून निघाली. पुढच्या दशकात भाटघरच्या धरणाचं पाणी घेऊन नीरा डावा कालवा पुरंदर, बारामती आणि इंदापूरच्या शिवारांतून वाहू लागला. ज्वारी-बाजरीच्या जमिनीत ऊस उभा राहिला, गुऱ्हाळं सुरू झाली. १९३२ मध्ये सरकारनं देशी साखर उद्योगाला परदेशी साखरेपासून संरक्षण दिलं आणि त्याच दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ कारखाना उभारला. त्याच्याभोवती वसलेलं गाव म्हणजे वालचंदनगर. स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यानं वाट दाखवली आणि नीरेच्या काठावर सहकाराची धुरांडी एकामागून एक उभी राहिली.

उसाच्या या पट्ट्यात बसून व्होडकाबद्दल वाचायचं, तर सुरुवात मळीपासूनच करायला हवी. भारतात जी बरीचशी व्होडका ग्लासात पडते, तिचं मूळ असल्याच मळीत किंवा धान्यात असतं. दुसरीकडे, व्होडका ज्या देशाच्या जेवणाचा भाग आहे त्या पोलंडमध्ये चार मित्र टेबलाभोवती बसतात, तेव्हा त्यांच्या ग्लासात राय नावाचं धान्य किंवा बटाटा असतो. या दोन शेतांमधलं अंतर आणि या दोन टेबलांमधलं अंतर, हा या प्रकरणाचा विषय आहे.

साखरेचं मद्य कसं होतं

मद्यार्क बनवणारा खरा कामगार म्हणजे यीस्ट. हा सूक्ष्मजीव साखर खातो आणि तिचं मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करतो. मळीत साखर तयारच असते, फक्त तिचे स्फटिक होऊ शकत नाहीत म्हणून ती मागे उरलेली असते. त्यामुळे मळीत पाणी घालून ती पातळ केली, यीस्ट सोडलं, की काम सुरू होतं. साधारण दीड दिवसात सात ते दहा टक्के मद्यार्क असलेला द्रव मिळतो. डिस्टिलरीत त्याला वॉश म्हणतात.

धान्याचं आणि बटाट्याचं तसं नसतं. त्यांच्यात साखर नसते, स्टार्च असतो, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. म्हणून आधी धान्य किंवा बटाटा शिजवून त्याचा लगदा करतात. मोड आणून वाळवलेल्या बार्लीतली, म्हणजे माल्टमधली, विकरं त्यात घालतात आणि स्टार्चची साखर होऊ देतात. आजच्या कारखान्यांत हीच विकरं तयार मिळतात. पोलंडमधल्या शेतावरच्या जुन्या डिस्टिलऱ्या शतकानुशतकं हेच काम माल्टवर करत आल्या.

कच्च्या मालागणिक हिशेब बदलतो. १०० किलो रायमधून साधारण ३५ लिटर शुद्ध मद्यार्क निघतो. १०० किलो मळीतून २२ ते २५ लिटर. बटाट्यात तीन चतुर्थांशांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे १०० किलो बटाट्यातून जेमतेम दहा-अकरा लिटर हाती लागतात. तरीही उत्तर युरोपच्या रेताड, थंड जमिनीत बटाटा उदंड येतो. तो फार दिवस टिकत नाही, दूर नेणं परवडत नाही. शेतावरच त्याचं मद्य केलं, तर वाहतुकीचा खर्च वाचतो आणि उरलेला चोथा गुरांच्या दावणीला जातो. रायचंही तसंच. गव्हाला न मानवणाऱ्या हलक्या, आम्लधर्मी जमिनीत आणि कडाक्याच्या थंडीत राय तग धरते. इंदापूरच्या जिरायत पट्ट्यात रब्बी ज्वारीनं जे केलं, तेच पोलंडच्या रेताड मैदानात रायनं केलं : कमी पाण्यावर, कमी कसदार जमिनीत माणसं जगवली.

वॉश उकळून त्याची वाफ गोळा करणं म्हणजे ऊर्ध्वपातन. पाण्याआधी मद्यार्काची वाफ होते, हे त्यामागचं साधं तत्त्व. जुन्या भट्टीत हे एकेका घाण्यानं चालायचं आणि उग्र वास, नको ती द्रव्यं मद्यातच राहायची. १८३० मध्ये आयर्लंडच्या ईनियस कॉफीनं उंच स्तंभाच्या भट्टीचं पेटंट घेतलं. एका बाजूनं वॉश आत, दुसऱ्या बाजूनं अखंड मद्यार्क बाहेर. त्याच्या आधी, १७८० च्या दशकात, सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोवित्झ या रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं की लाकडी कोळसा द्रवातले वास आणि रंग शोषून घेतो. स्तंभ आणि कोळसा या दोन शोधांनी आजची स्वच्छ, पारदर्शक व्होडका शक्य केली.

आज बारामती किंवा इंदापुरातल्या डिस्टिलरीचे उंच स्तंभ दिसतात, ते याच कुळातले. त्यांतून सुमारे ९६ टक्के शुद्धतेचा मद्यार्क निघू शकतो. त्यात खनिजरहित पाणी मिसळलं, कोळशातून गाळलं आणि बाटलीत भरलं की भारतीय व्होडका तयार. ती ४२.८ टक्के तीव्रतेची असते. हा विचित्र आकडा ब्रिटिशांच्या जुन्या प्रूफ पद्धतीतून आला आहे. युरोपात व्होडकासाठी किमान ३७.५ टक्के मद्यार्क लागतो आणि पोलंडमधल्या बहुतेक बाटल्यांवर ४० टक्के लिहिलेलं असतं.

मात्र आता या पट्ट्यातला बराचसा मद्यार्क ग्लासाऐवजी गाडीच्या टाकीत जातो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशानं २०२५ मध्ये गाठलं. कारखान्यांनी साखर कमी काढून मळीत जास्त साखर ठेवण्याचा मार्ग धरला, काहींनी थेट रसापासून इथेनॉल केलं. शेतकऱ्याच्या बिलात साखरेबरोबर इथेनॉलही आलं. मळीचा एक टँकर हलवायचा, तरी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा पास लागतो, इतकी ही वस्तू सरकारच्या नजरेखाली असते.

मळीची व्होडका, व्होडका आहे का?

हा प्रश्न गप्पांच्या ओघात आलेला नाही. युरोपीय संसदेत त्यावर कडाक्याचा वाद झाला. २००६-०७ मध्ये पोलंड, फिनलंड, स्वीडन आणि बाल्टिक देशांनी आग्रह धरला की धान्य, बटाटा किंवा बीटची मळी यांपासून केलेल्या मद्यालाच व्होडका म्हणावं. ब्रिटनसह इतर देशांना हे मान्य नव्हतं, कारण त्यांच्याकडे द्राक्षं आणि उसाच्या मळीपासूनही व्होडका बनत होती. अखेर तडजोड झाली. २००८ च्या नियमानुसार कुठल्याही शेतमालापासून व्होडका करता येते, पण धान्य किंवा बटाटा सोडून दुसरं काही वापरलं असेल, तर ते लेबलावर लिहावं लागतं.

पोलंडनं आपल्यापुरता नियम आणखी कडक केला. २०१३ पासून ‘पोल्स्का वुदका’ हे नाव फक्त पोलंडमध्ये पिकलेल्या राय, गहू, बार्ली, ओट, ट्रिटिकेल किंवा बटाट्यापासून पोलंडमध्येच तयार झालेल्या व्होडकाला लावता येतं. नाशिकच्या द्राक्षांना किंवा कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळतं, तसंच हे आहे. बाटलीवरच्या नावामागे शेत आहे, हे पोलिश शेतकऱ्यांनी कायद्यात लिहून घेतलं.

साखरेच्या इतिहासातही पोलंडच्या भूमीला मानाचं पान आहे. १७४७ मध्ये बर्लिनच्या आंद्रेआस मार्गग्राफला बीटमध्ये साखर सापडली. त्याचा शिष्य फ्रान्झ आखार्ड यानं सायलेशियातल्या कुनेर्न इथे बीटपासून साखर करणारा जगातला पहिला कारखाना उभारला आणि १८०२ मध्ये तो सुरू झाला. तेव्हा प्रशियात असलेलं ते गाव आज पोलंडमध्ये कोनारी या नावानं आहे. उसाच्या मळीवर वाढलेल्या बारामतीच्या वाचकाला हे गाव परकं वाटू नये. पोलंड आज युरोपीय संघातल्या मोठ्या साखर उत्पादकांपैकी एक आहे, आणि तिथेही कारखान्याच्या मागच्या बाजूला मळीच्या टाक्या असतात.

औषधापासून सक्तीपर्यंत

पोलंडमध्ये व्होडका पहिल्यांदा जेवणात आली नाही. १५३४ मध्ये क्राकोवमध्ये स्तेफान फालिमिर्झ यानं वनौषधींवर ग्रंथ छापला, त्यात ऊर्ध्वपातित अर्कांचा औषध म्हणून उल्लेख आहे. झाडपाला, मुळ्या, फळं मद्यार्कात मुरवण्याची ती परंपरा आजही टिकली आहे. घरोघरी चेरी, प्लम, मध, अक्रोड यांचं ‘नालेफ्का’ मुरवलं जातं. ‘झुब्रुफ्का’ नावाच्या व्होडकाच्या बाटलीत गवताची एक पात असते. ती बियाओविएझाच्या अरण्यातल्या सुगंधी गवताची, ज्या अरण्यात युरोपीय गवे चरतात. त्या गवतात कुमारिन नावाचं द्रव्य असतं. अमेरिकेनं १९५४ मध्ये खाद्यपदार्थांत कुमारिन घालायला बंदी केली, त्यामुळे तिथे विकण्यासाठी उत्पादकांना वेगळी कृती करावी लागली.

पुढे औषधाचा धंदा झाला. पोलंडच्या सरदारांकडे आपल्या जहागिरीत मद्य बनवण्याचा आणि विकण्याचा एकाधिकार होता. त्याला ‘प्रोपिनात्स्या’ म्हणत. कुळांनी आपल्या धन्याच्याच खानावळीतून व्होडका घ्यायची, बाहेरून आणायची नाही. अनेक ठिकाणी ठरावीक प्रमाण घेण्याची सक्तीही असे. धान्य विकून जेवढं मिळत नसे, तेवढं व्होडकातून सरदाराला मिळे. खेड्यातलं दारिद्र्य आणि व्यसन यांचा मोठा भाग या व्यवस्थेतून आला.

महाराष्ट्राला ही कहाणी ओळखीची वाटेल. ब्रिटिशांच्या मुंबई सरकारनं १८७८ चा अबकारी कायदा केला आणि गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू गाळण्याचं काम मोठ्या ठेकेदारांच्या हाती दिलं. १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरही कायद्याचं बंधन आलं. रानात फुलं वेचून आपल्यापुरती दारू गाळणारा आदिवासी एका फटक्यात गुन्हेगार ठरला आणि ठेकेदाराच्या दुकानाचा गिऱ्हाईक झाला. पोलंड असो की कोकण, सत्तेला मद्यातून महसूल हवा होता. पिणाऱ्याच्या ताटात काय आहे, याच्याशी तिचं देणंघेणं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट पोलंडमध्ये व्होडका सरकारी झाली. ‘पोल्मोस’ नावाच्या सरकारी उद्योगाच्या छत्राखाली देशभरच्या डिस्टिलऱ्या आल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टंचाई इतकी वाढली की मांस, साखर यांच्याबरोबर व्होडकाही कार्डावर मिळू लागली. १९८२ च्या कायद्यानं दुपारी एकच्या आधी दारू विकायला मनाई केली. वॉर्साच्या प्रागा भागातला ‘कोनेसर’ हा जुना व्होडका कारखाना आज नव्या रूपात उभा आहे. त्यात २०१८ मध्ये पोलिश व्होडकाचं संग्रहालय उघडलं.

टेबल

आता त्या टेबलाकडे, जिथे मित्र जमतात.

पोलिश व्होडका बारमध्ये बाटली आधी येत नाही, ‘झाकोंस्का’ येते, म्हणजे घोटासोबत खायचे छोटे पदार्थ. आपल्याकडे चखणा म्हटलं की शेंगदाणे, चिवडा, मसाला पापड डोळ्यांसमोर येतो. झाकोंस्का त्यापेक्षा भरभक्कम असते. खारवलेला हेरिंग मासा तेलात किंवा आंबट सायीत, वर कच्चा कांदा. मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या काकड्या. काळ्या रायच्या पावावर फासलेली डुकराची चरबी. पाय उकळून गोठवलेली जेली. बारीक चिरलेलं कच्चं गोमांस, वर अंड्याचा पिवळा बलक. यातला प्रत्येक पदार्थ आंबट, खारट किंवा स्निग्ध आहे, आणि त्याला कारण आहे.

पोटात गेलेल्या मद्यार्काचा थोडा भाग जठरात शोषला जातो, बाकीचा लहान आतड्यात. जठरात अन्न असलं, विशेषतः स्निग्ध आणि प्रथिनयुक्त, तर जठराचं दार आतड्याकडे हळूहळू उघडतं. मद्यार्क रक्तात सावकाश उतरतो आणि त्याची सर्वोच्च पातळी कमी राहते. रिकाम्या पोटी घेतलेला तोच घोट काही मिनिटांत डोक्यात जातो. पोलंडच्या आज्या हे शास्त्र न शिकताही हेरिंगची बशी आधी पुढे करत आल्या.

व्होडका तिथे फ्रिजरमध्ये गार केलेली, पाणी-सोडा न घालता, ४० किंवा ५० मिलिलिटरच्या छोट्या ग्लासात घेतात. कोणीही एकट्यानं सुरू करत नाही. एक जण सगळ्यांना भरतो, कोणीतरी दोन शब्द बोलतो, ‘ना झ्द्रोव्ये’ म्हणजे आरोग्यासाठी म्हणत सगळे एकदम ग्लास रिकामा करतात आणि लगेच काकडीचा तुकडा तोंडात टाकतात. मग बराच वेळ गप्पा. पुढचा ग्लास पुन्हा सगळ्यांचा एकत्र. इथे मापाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ४० टक्के तीव्रतेच्या ४० मिलिलिटरमध्ये १६ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. आपल्याकडच्या ६० मिलिलिटरच्या ‘लार्ज’मध्ये, ४२.८ टक्क्यांच्या हिशेबानं, जवळपास २६ मिलिलिटर. सोड्यामुळे चव सौम्य लागते, मद्यार्क मात्र तितकाच पोटात जातो.

बारमधून उठून मंडळी जेवायला बसतात, तेव्हा पोलिश खाद्यसंस्कृतीचा खरा परिचय होतो. सुरुवात बहुधा ‘झुरेक’नं. रायचं पीठ पाण्यात भिजवून चार-पाच दिवस आंबवतात आणि त्या आंबट पाण्याचं सूप करतात, त्यात उकडलेलं अंडं आणि सॉसेज. आपल्या ज्वारी-नाचणीच्या आंबिलीचं आणि झुरेकचं तत्त्व एकच : गरिबाचं पीठ, पाणी, वेळ आणि आंबवणारे जिवाणू. बीटच्या लाल सुपाला ‘बार्श्च’ म्हणतात. ‘पिएरोगी’ म्हणजे कणकेच्या पातळ पारीत सारण भरून, अर्धचंद्राच्या आकारात दुमडून उकडलेला पदार्थ. आत बटाटा आणि ताजं पनीरसारखं ‘त्वारोग’, किंवा कोबी-मशरूम, किंवा मांस, उन्हाळ्यात ब्लूबेरीसुद्धा. आंबवलेल्या कोबीत अनेक प्रकारचं मांस घालून मंद आचेवर शिजवलेलं ‘बिगोस’ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चविष्ट लागतं. बहुतेक ताटांवर हिरवा शेपू भुरभुरलेला असतो. मराठी माणसाला या ताटातला सर्वांत ओळखीचा वास तोच.

मद्य न घेणाऱ्यांसाठीही या टेबलावर जागा असते. फळं साखरपाण्यात उकळून केलेलं ‘कोम्पोत’ घरोघरी होतं. ‘बार म्लेच्नी’ म्हणजे दूध-बार ही स्वस्त खानावळींची परंपरा १८९६ मध्ये वॉर्सात सुरू झाली आणि कम्युनिस्ट काळात देशभर पसरली. तिथे दूध, अंडी, पिठाचे पदार्थ मिळतात. शाकाहारी पाहुण्यानं पोलंडमध्ये पहिलं जेवण तिथे घ्यावं.

वळिवडे आणि नाताळचा मासा

पोलिश चूल महाराष्ट्रात एकदा खरोखर पेटली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला सोव्हिएत सैन्यानं पूर्व पोलंड व्यापला आणि लाखो माणसांना सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार केलं. त्यांतले काही इराणमार्गे भारतात पोहोचले. गुजरातेत जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला अनाथ मुलांची छावणी उभारली. कोल्हापूर संस्थानात वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुलं. तिथे चर्च होतं, शाळा होत्या, दवाखाना, नाट्यगृह, दुकानं होती. कुटुंबं आपापल्या खोल्यांत स्वतः स्वयंपाक करत. भाजी मात्र कोल्हापूरच्या मातीतली. फाळणीनंतर याच जागेवर सिंधी निर्वासित वसले आणि गांधीनगर उभं राहिलं. वॉर्सात कोल्हापूरच्या उपकाराचं स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं.

कॅथलिक पोलंडमध्ये वर्षातलं सर्वांत महत्त्वाचं जेवण म्हणजे नाताळच्या आदल्या संध्याकाळची ‘विगिलिया’. परंपरेनं बारा पदार्थ, त्यांत मांस नाही, पण मासे चालतात. टेबलावर एक ताट रिकामं मांडलेलं असतं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. मुख्य मासा कार्प. महायुद्धानंतर सरकारनं तळ्यांतल्या कार्पचं उत्पादन वाढवलं आणि तो घराघरांत पोहोचला. जिवंत आणलेला कार्प सणापर्यंत न्हाणीघरातल्या टबात ठेवायची चाल कित्येक पिढ्यांनी पाहिली आहे.

हाच कार्प उजनीत पोहतो. १९८० मध्ये भीमेवर उजनीचं धरण पूर्ण झालं, सुमारे ११७ टीएमसीचा जलाशय पसरला आणि इंदापूर तालुक्यातली गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं मंदिर पाणी ओसरलं की अजूनही वर येतं. ज्या जमिनी गेल्या, त्यांच्या काठावर मासेमारी उभी राहिली. भिगवण आणि इंदापूरच्या बाजारात चिलापी, कटला, रोहू, मरळ, वाम यांचे लिलाव होतात, आणि त्यांच्या ढिगांत सायप्रिनसही असतो. त्याचं शास्त्रीय नाव सायप्रिनस कार्पियो, म्हणजे पोलंडच्या नाताळातला मासा. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवणजवळ मित्रांच्या टोळ्या मच्छी थाळीसाठी गाड्या थांबवतात. चिलापी फ्राय, लाल रस्सा, बाजरीची भाकरी. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला आलेले पाहुणेही तिथेच जेवतात. मित्रांसोबत बाहेर जेवणं म्हणजे काय, हे शिकायला इंदापूरकराला वॉर्साला जावं लागत नाही.

टेबलाविना बाटली

पोलिश समाजाला आज खरी चिंता वेगळ्याच बाटलीची आहे. १०० आणि २०० मिलिलिटरच्या चपट्या बाटल्यांना तिथे ‘माउप्की’ म्हणतात. सकाळी कामावर जाताना, खिशात टाकून, एकट्यानं, काहीही न खाता त्या रिकाम्या केल्या जातात. १ जानेवारी २०२१ पासून सरकारनं ३०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्यांवर वेगळी आकारणी सुरू केली. २०१८ च्या कायद्यानं रात्रीच्या विक्रीवर बंधन घालण्याचा अधिकार शहरांना दिला आणि क्राकोवनं जुलै २०२३ पासून मध्यरात्रीनंतरची दुकानविक्री थांबवली. चर्चनं १९८४ पासून ऑगस्ट महिना मद्याविना पाळण्याचं आवाहन केलं आहे. आपल्याकडचा श्रावण बहुधा त्याच दिवसांत येतो आणि बारामतीच्या हॉटेलांतली मांसाहाराची भांडी त्या महिन्यात तशीच कमी होतात.

महाराष्ट्राचीही हीच दुखरी नस आहे. देशी दारूच्या दुकानामागे उभ्यानं रिचवलेली चपटी घर मोडते. म्हणूनच २००८ च्या आदेशानं गावातल्या बायकांच्या हाती मतपत्रिका दिली. २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यावं लागतं आणि निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, पडली की दुकान बंद होतं. राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. परमिट रूममध्ये बसायला सेवन परवाना लागतो, आणि कडक मद्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की मद्याचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. पोलिश टेबलाची शिस्त हे सत्य बदलत नाही, पण वेग, माप आणि सोबत यांनी अपाय कमी-जास्त होतो, हे ती दाखवते.

पोलिश जेवण बारामतीत मांडायचं ठरवलं, तर बहुतेक सामान मंडईतच मिळतं. कोवळ्या काकड्या, लसूण, शेपूच्या काड्या आणि लिटरमागे चार-पाच चमचे मीठ घातलेलं पाणी बरणीत भरून ठेवलं, तर आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत काकडी आंबते. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठाराचा बटाटा किसून, कांदा, अंडं आणि थोडं पीठ घालून थापलेले ‘प्लात्स्की’ तव्यावर कुरकुरीत होतात, वर घट्ट दह्याची साय. भिगवणचा सायप्रिनस मीठ लावून, पिठात घोळवून लोण्यात तळावा. त्याच्या मांसात बारीक दुपेडी काटे फार असतात, म्हणून पोलिश बायकांप्रमाणे अंगावर जवळजवळ चिरा द्याव्यात, म्हणजे तळताना काटे मऊ पडतात. बीटचं सूप आदल्या दिवशी करून ठेवावं. इंदापूरच्या डाळिंबाचे दाणे आणि पेरूच्या फोडी थोड्या साखरेत उकळून गार केल्या की कोम्पोत होतं. ते लहान मुलांनाही चालतं आणि गाडी चालवत घरी जायचं आहे त्यालाही.